परदेशात स्वस्त मुक्कामी राहताना पैसे कसे सांभाळावेत

तुम्ही लिहिले आहे की, तुम्ही पहिल्यांदाच एकट्याने परदेशी निघाला आहात, साडेतीन आठवड्यांत सहा शहरे पाहणार आहात आणि राहण्याची सोय होस्टेलमधील आठ-दहा खाटांच्या सामायिक खोल्यांत व दोन ठिकाणी छोट्या अतिथिगृहांत केली आहे. मनी बेल्ट (कपड्यांखाली कमरेला बांधायचा पैशांचा पट्टा) घ्यावा का, रोख किती न्यावी आणि लॉकरवर कितपत विसंबावे, हे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी अकरा वर्षे तीन देशांतील होस्टेलांच्या स्वागतकक्षात काम केले, त्यातील बराच काळ रात्रपाळीत. चोरी झालेला प्रवासी पहाटे चार वाजता ज्या टेबलाशी येऊन उभा राहतो, त्या टेबलाच्या पलीकडे बसून मी हा विषय पाहिला आहे आणि त्याच अनुभवावरून उत्तर देत आहे.

तुमचे तिन्ही प्रश्न वस्तू कुठे ठेवावी याविषयी आहेत. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा, तो म्हणजे एक वस्तू गेली तर तिच्यासोबत आणखी काय काय जाईल. माझ्यासमोर एकदा एक तरुण आला, त्याचा फक्त फोन गेला होता. पण फोनच्या मागच्या कव्हरमध्ये त्याचे एकमेव कार्ड होते, बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येणार होता, पुढच्या गाडीचे तिकीट त्यात होते आणि घरच्यांचा एकही क्रमांक त्याला पाठ नव्हता. तो दोन दिवस आमच्या बैठकीच्या खोलीत बसून होता. त्याच महिन्यात एका बाईंची रोख रक्कम असलेली अख्खी पर्स गेली. पैशात मोजले तर त्यांचे नुकसान जास्त होते, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठरल्या वेळी पुढच्या शहराला निघाल्या, कारण दुसरे कार्ड आणि थोडे पैसे त्यांच्या बॅगेच्या तळाशी वेगळे ठेवलेले होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो, की चोरी कधीच होणार नाही अशी व्यवस्था करण्याच्या मागे लागू नका. झाली तरी प्रवास थांबणार नाही, अशी व्यवस्था आधी करा.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून राहतील. रात्रभर माणूस जागा असलेले होस्टेल आणि दारावरच्या आकडी कुलपाचा संकेत संदेशाने पाठवून देणारे होस्टेल यांत फार फरक असतो. तुमची बँक परदेशातून कार्ड किती सहज बंद किंवा चालू करू देते, तुम्ही लॅपटॉप नेत आहात की नाही, एका शहरात दोन रात्री राहणार की सहा, यांवरही बरेच ठरते. म्हणून खाली जे सांगतो आहे त्यातील कारणे लक्षात घ्या आणि तपशील तुमच्या प्रवासाला जुळवून घ्या.

सामायिक खोलीतील चोरीबद्दल लोकांच्या मनात एक चित्र असते की, कोणी सराईत चोर रात्री येऊन बॅगा उघडतो. मी हाताळलेल्या प्रकरणांत असे क्वचितच दिसले. बहुतेक वेळा वस्तू उघड्यावर होती, तिचा मालक दहा-पंधरा मिनिटे दूर होता आणि जाणारा-येणारा कोणीतरी ती उचलून चालता झाला. उचलणारा कधी त्याच खोलीत राहणारा असे, तर कधी दुसऱ्या पाहुण्याने सौजन्याने दार धरून ठेवल्यामुळे आत आलेला परका माणूस असे. हे मालकाचे दूर जाणे ठरावीक वेळांनाच होते. आंघोळीला जाताना फोन उशीखाली राहतो. भिंतीतील एकच सॉकेट खाटेपासून लांब असल्यामुळे फोन किंवा बॅटरी तिथे लावून माणूस झोपतो. आल्या आल्या थकून बॅग खाटेवर टाकून तो खाली माहिती विचारायला जातो. आणि शेवटच्या दिवशी, खोली सोडल्यानंतर गाडीची वेळ होईपर्यंत, सामान ठेवण्याच्या खोलीत बॅग राहते.

या शेवटच्या प्रसंगाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण प्रवासी इथे सर्वाधिक गाफील असतात. स्वागतकक्षाशेजारच्या त्या खोलीला 'लगेज रूम' असे भारदस्त नाव असले, तरी अनेक होस्टेलांत ती दिवसभर उघडी असते आणि पाहुणे स्वतःच आत जाऊन आपली बॅग ठेवतात व काढतात. कोण कुठली बॅग उचलतो आहे, हे पाहायला वेगळा माणूस नसतो; मी स्वतः एकाच वेळी नव्याने आलेल्या पाच जणांची नोंदणी करत असताना त्या दाराकडे पाहू शकत नसे. आमच्याकडे काही बॅगा तर चोरीच्या हेतूनेही गेल्या नव्हत्या. सारख्याच काळ्या रंगाची दुसऱ्याची बॅग घेऊन कोणीतरी विमानतळ गाठला होता. तेव्हा त्या खोलीत ठेवायच्या बॅगेत फक्त कपडे आणि तत्सम वस्तू ठेवा. पासपोर्ट, पैसे, लॅपटॉप, औषधे आणि हार्ड डिस्क हे सर्व खांद्यावरच्या लहान पिशवीत सोबत असू द्या. बॅगेला कापडाची ठळक पट्टी बांधा, आणि सामानाला क्रमांकाची चिठ्ठी देण्याची पद्धत तिथे आहे का, हे अवश्य विचारा. शक्य असेल तर बॅगेचा पट्टा एखाद्या स्थिर पाइपाला बारीक तारेच्या कुलपाने अडकवा. उचलून नेणाऱ्याला वेळ लागेल एवढे करणे बहुतेक वेळा पुरेसे ठरते.

आता लॉकर. लॉकर असलेच होस्टेल निवडा आणि तो लॉकर तुमच्या मोठ्या बॅगेसाठी आहे असे समजू नका. तो लहान पिशवीसाठी आहे. कुलूप स्वतःचे न्या. होस्टेलने दिलेल्या किल्लीची दुसरी प्रत कोणाकडे आहे, हे तुम्हाला कधीच कळत नाही. विमानतळावरील तपासणीसाठी जी प्रवासी कुलुपे मिळतात, ती यासाठी वापरू नका. ती मुद्दाम ठरावीक मास्टर किल्ल्यांनी उघडतील अशी बनवलेली असतात, आणि त्या किल्ल्यांची छायाचित्रे उघड झाल्यावर 2015 मध्ये त्यांचे त्रिमितीय छपाईचे नमुनेही इंटरनेटवर आले. आकड्यांचे कुलूप घेणार असाल तर चार आकड्यांचे घ्या. तीन आकड्यांच्या कुलपात एकूण एक हजारच जोड्या असतात, आणि एका जोडीला दोन सेकंद धरले तरी अर्ध्या तासाच्या आसपास सगळ्या तपासून होतात. रिकाम्या खोलीत अर्धा तास मिळणे काही अवघड नाही. कुलपाची कडी फार जाड असली तर लॉकरच्या कोयंड्यात जात नाही. पाच-सहा मिलिमीटर जाडीची कडी बहुतेक ठिकाणी बसते असा माझा अनुभव आहे.

कुलूप लावण्याआधी लॉकर हाताने हलवून पाहा. खाटेखालचा जाळीचा पेटारा चाकांवर असेल आणि साखळीने जोडलेला नसेल, तर तो पूर्णच बाहेर निघतो. काही लॉकरांच्या बिजागरीचे स्क्रू बाहेरच्या बाजूला असतात. अशा लॉकरावर फार भरवसा ठेवू नये. तिथे कपडे ठेवावेत आणि पासपोर्ट अंगावर. छोट्या अतिथिगृहात खोलीत तिजोरी असेल तर तिच्याबद्दलही हे माहीत असू द्या की, पाहुणे संकेत विसरतात म्हणून अशा तिजोऱ्या उघडण्याची एक पर्यायी सोय व्यवस्थापनाकडे असते, आणि कारखान्यातून आलेला मूळ संकेत अनेक ठिकाणी कधी बदललेलाच नसतो. तुमचा संकेत घालून तिजोरी बंद केल्यानंतर एकदा चार शून्ये दाबून पाहा. ती उघडली, तर ती वापरू नका.

मनी बेल्टबद्दल विचारले आहे, तर माझे मत असे की तो घ्यावा, पण पाकीट म्हणून वापरू नये. कपड्यांखालच्या त्या पट्ट्यात पासपोर्ट, एक कार्ड आणि अडीअडचणीची रक्कम राहावी आणि तो उघडला जाईल फक्त बंद दारामागे. रस्त्यावर किंवा तिकीटखिडकीपाशी सदरा वर करून त्यातून पैसे काढणारा माणूस आपला खजिना कुठे आहे हे सर्वांना दाखवत असतो. दिवसभराचा खर्च साध्या पाकिटात, पुढच्या खिशात, वेगळा ठेवावा. ते पाकीट गेले तर एका दिवसाचे पैसे जातील, इतकेच. आंघोळीला जाताना पट्टा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून आतल्या खुंटीला, डोळ्यांसमोर लावावा. झोपताना तो उशीखाली ठेवू नये. उशी झोपेत सरकते आणि उशीखाली पाहण्याचे सर्वांना सुचते. अंगावर ठेवणे अवघड वाटत असेल तर पांघरुणाच्या पायाकडच्या टोकाला, गादीच्या आणि भिंतीच्या मध्ये ठेवा, आणि सकाळी उठल्याबरोबर तो आधी घ्या.

रोख किती, याचे एक आकड्याचे उत्तर देता येणार नाही, कारण काही देशांत चहाचे पैसेही कार्डाने दिले जातात, तर काही ठिकाणी लहान अतिथिगृह रोखच मागते. मी स्वतः असा हिशेब करतो की, सर्व कार्डे एकदम बंद पडली तरी दोन रात्रींचा मुक्काम, जेवण आणि दूतावास असलेल्या शहरापर्यंतचा प्रवास निभावेल एवढी रक्कम राखीव असावी. ती मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या चलनात, म्हणजे डॉलर किंवा युरोत, असावी आणि रोजच्या खर्चाला तिला हात लावू नये. उरलेला व्यवहार एटीएममधून थोडे थोडे काढून आणि कार्डाने करावा. कार्डे किमान दोन न्यावीत, शक्यतो दोन वेगळ्या खात्यांची, आणि ती कधीही एका पिशवीत ठेवू नयेत. जे कार्ड रोज बाहेर निघणार आहे, त्याच्या खात्यात आठवड्यापुरतेच पैसे ठेवून त्याची दैनंदिन मर्यादा कमी करून घ्या.

एटीएम निवडताना बँकेच्या शाखेच्या आतले, बँक चालू असण्याच्या वेळेतले निवडा. कार्ड अडकले तर तिथे विचारायला माणूस असतो, आणि बाहेरून बसवलेले कार्ड वाचणारे उपकरण आत लपवणे कठीण असते. तरी कार्ड घालायची खाच हाताने हलवून पाहा आणि पिन दाबताना दुसऱ्या हाताने कळफलक झाका; पिन टिपणारा कॅमेरा वरूनच पाहत असतो. होस्टेलच्या प्रवेशदारात किंवा किराणा दुकानाच्या कोपऱ्यात उभी असलेली, कोणत्याही बँकेची नसलेली यंत्रे सहसा जास्त शुल्क घेतात. शिवाय ती एक प्रश्न विचारतात, की रक्कम तुमच्या देशाच्या चलनात आकारू का. हे बेकायदा नाही, पण तोट्याचे आहे; चलन बदलण्याचा दर तेव्हा ते यंत्र ठरवते आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा जवळजवळ नेहमीच वाईट असतो. प्रत्येक वेळी त्या देशाचेच चलन निवडा. होस्टेलच्या काउंटरवरील कार्ड यंत्रही हाच प्रश्न विचारते आणि कधी कर्मचारी तुम्हाला न विचारता उत्तर देऊन टाकतो. म्हणून पिन घालण्याआधी पडद्यावरचे चलन वाचा.

नोटा बदलून घेताना फलकावर 'कमिशन नाही' असे लिहिले आहे की नाही हे पाहू नका. इतकी रक्कम दिली तर हातात नेमके किती मिळेल, असे विचारा आणि तो आकडा लिहून मागा. चेकियात (चेक प्रजासत्ताकात) या धंद्यातील फसवणूक इतकी वाढली होती की, 2019 पासून तिथे 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. त्यासाठी पावती हातात असावी लागते. नोटा शेवटी तुम्ही मोजा, आणि तुम्ही मोजल्यानंतर त्या पुन्हा समोरच्याच्या हातात जाऊ देऊ नका. हातचलाखी होते ती 'एकदा मी पण मोजतो' असे म्हणून नोटा परत घेतल्या जातात तेव्हा. नवीन देशात पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी खाटेवर बसून तिथल्या नोटा ओळखून घ्या. व्हिएतनाममध्ये 20,000 आणि 500,000 डोंगच्या दोन्ही नोटा निळसर आहेत, आणि अंधाऱ्या टॅक्सीत पंचवीसपट पैसे देऊन उतरलेले पाहुणे होस्टेलांच्या स्वागतकक्षात नेहमी येतात.

फसवणुकीकडे वळतो. चोरी तुमच्या नकळत होते. फसवणुकीत पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने देता, त्यामुळे तिथे कुलूप उपयोगाचे नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रकारात दोन गोष्टी समान होत्या: ताबडतोब पैसे द्यायचे होते, आणि ते ताबडतोब का द्यायचे हे समोरच्याने ठरवले होते.

सध्या सर्वांत धोकादायक प्रकार घर सोडण्याआधीच सुरू होतो. तुम्ही नामांकित संकेतस्थळावरून खोली आरक्षित करता आणि काही दिवसांनी त्याच संकेतस्थळाच्या संदेशपेटीत होस्टेलच्या नावाने संदेश येतो की, तुमचे कार्ड पडताळता आले नाही, बारा तासांत खालील दुव्यावर पुन्हा माहिती भरा, अन्यथा आरक्षण रद्द होईल. नाव, तारखा, रक्कम सर्व बरोबर असते, त्यामुळे सावध माणूसही फसतो. हे कसे घडते ते मला आतून माहीत आहे. स्वागतकक्षाला पाहुण्याच्या नावाने एक ईमेल येते: माझ्या आजाराची कागदपत्रे जोडली आहेत, कृपया पाहून ठेवा. घाईतला कर्मचारी जोडपत्र उघडतो, त्यातून संगणकात घातक प्रणाली शिरते, होस्टेलच्या खात्याचा पासवर्ड चोरला जातो, आणि मग चोर खऱ्या खात्यातून खऱ्या पाहुण्यांना संदेश पाठवतात. आम्हाला अशा ईमेल दर आठवड्याला येत असत, आणि एकदा आमच्या एका सहकाऱ्याने ती उघडलीही होती. तेव्हा संदेश कुठून आला यावर त्याचा खरेपणा ठरवू नका. त्यातील दुव्यावर कधीही कार्डाची माहिती भरू नका. ॲप स्वतः उघडून आरक्षणाची स्थिती पाहा आणि होस्टेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील दूरध्वनीवर फोन करून विचारा. खरोखरच अडचण असेल तर होस्टेल तुम्ही आल्यावर पैसे घ्यायला बहुधा तयार होते.

याच प्रकारचा जुना भाऊबंद म्हणजे रात्री खोलीत वाजणारा फोन. पलीकडचा माणूस स्वागतकक्षातून बोलतो आहे असे सांगून कार्डाचा क्रमांक पुन्हा मागतो. अतिथिगृहात असे झाले तर 'मी खाली येतो' एवढेच म्हणा आणि खाली जा. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवा असे सांगणारे यजमानही भेटतात. ते प्रामाणिक असतील, तरी ते छायाचित्र कोणाच्या फोनमध्ये किती वर्षे राहील याचा नेम नाही. आरक्षण संकेतस्थळाबाहेर, थेट बँक खात्यात पैसे पाठवल्यास सवलत देतो असे कोणी म्हणाले तर ती सवलत सोडून द्या. कार्डाने दिलेल्या पैशांबाबत बँकेकडे तक्रार नोंदवून ते परत मागण्याची एक सोय असते. थेट पाठवलेल्या पैशांना ती सहसा नसते.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण घाबरलेला प्रवासी रास्त मागणीलाही फसवणूक समजतो आणि काउंटरवर भांडण होते. पासपोर्ट दाखवायला सांगणे योग्यच आहे. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, परदेशी पाहुण्यांची ओळख पटवून नोंद करणे यजमानावर बंधनकारक आहे. इटलीत व थायलंडमध्ये ही माहिती चोवीस तासांत अधिकाऱ्यांना कळवावी लागते. त्यासाठी पासपोर्टची नोंद किंवा प्रत घेतली जाईल, पण मुक्काम संपेपर्यंत मूळ पासपोर्ट ठेवून घेण्याची गरज त्यात नाही. कोणी तसे म्हणाले तर नोंदणी होईपर्यंत तिथेच थांबतो, असे नम्रपणे सांगा. किल्लीसाठी ठेव मागितली तर पासपोर्टऐवजी रोख ठेव द्या आणि पावती घ्या. अनेक युरोपीय शहरांत पर्यटक कर वेगळा भरावा लागतो. ॲम्स्टरडॅममध्ये 2024 पासून तो खोलीच्या भाड्याच्या 12.5 टक्के आहे. आरक्षणाच्या पानावर खालच्या बारीक अक्षरांत याचा उल्लेख असतो, तो आधी वाचून ठेवा. ज्या रकमेचा उल्लेख तिथेही नाही आणि जिची पावती द्यायला समोरचा तयार नाही, तिच्याबद्दल मात्र शंका घ्या. खोलीत शिरल्यावर भिंती, गादी आणि स्नानगृहाचे एक मिनिटाचे चित्रीकरण करून ठेवले, तर नुकसानभरपाईच्या खोट्या मागणीला तेच उत्तर होते.

ठेवीसंबंधी आणखी एक. काही ठिकाणी ठेवीची रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर ती तुमच्याच खात्यातील पैशांतून अडकते आणि सुटायला काही दिवस लागू शकतात, म्हणून यासाठी क्रेडिट कार्ड असेल तर तेच द्या.

स्टेशनबाहेर टॅक्सीवाला सांगेल की तुमचे होस्टेल बंद झाले आहे, भरले आहे किंवा तो भाग असुरक्षित आहे, आणि तो तुम्हाला दुसरीकडे नेईल. त्याला तिथून दलाली मिळते. त्याच्यादेखत होस्टेलला स्वतःच्या फोनवरून फोन लावा. तो स्वतःचा फोन पुढे करेल तर घेऊ नका, कारण पलीकडे त्याचाच माणूस असू शकतो. साध्या वेशातील 'पोलीस' येऊन बनावट नोटा तपासायच्या आहेत म्हणून पाकीट मागतील. ओळखपत्र मागण्याचा पोलिसांना अधिकार असतो आणि ते दाखवावे, पण पाकीट हातात देऊ नये. जवळच्या ठाण्यात चला, तिथे दाखवतो, असे म्हणावे. आणि शांघाय किंवा बीजिंगसारख्या शहरात तासाभराच्या ओळखीवर कोणी चहाच्या खास दालनात नेऊ लागले, तर दर लिहिलेला कागद पाहिल्याशिवाय बसू नये.

होस्टेलमधील एका प्रकाराबद्दल लिहिताना मला वाईट वाटते, कारण होस्टेलचे खरे सुख तिथे भेटणारी माणसे हेच असते. दोन दिवस तुमच्याबरोबर फिरलेला, खरोखर मनमिळाऊ वाटणारा सहप्रवासी सांगतो की त्याचे कार्ड बंद पडले आहे. तुम्ही रोख द्या, मी आत्ता तुमच्या खात्यात पाठवतो. मग तो पैसे पाठवल्याचे छायाचित्र फोनवर दाखवतो. ते छायाचित्र खोटे असू शकते, किंवा नंतर रद्द केलेल्या व्यवहाराचे असू शकते. तुम्हाला मदत करायची असेल तर त्याच्या रात्रीच्या मुक्कामाचे पैसे थेट काउंटरवर भरा, त्याला जेवू घाला, त्याच्या बँकेला फोन लावून द्या. ज्याची अडचण खरी आहे त्याला हे पुरते. आणि दिलेले पैसे परत आले नाहीत तरी चालतील, एवढीच रक्कम द्या.

वाय-फायबद्दल लोक फार घाबरतात. आज बँकांची संकेतस्थळे आणि ॲपे माहिती सांकेतिक करूनच पाठवतात, त्यामुळे होस्टेलच्या वाय-फायवर खाते पाहणे पूर्वीइतके धोक्याचे राहिलेले नाही. बैठकीच्या खोलीतील सार्वजनिक संगणक मात्र बँकेसाठी किंवा ईमेलसाठी मुळीच वापरू नका. त्यात आधीच्या कोणी काय बसवले आहे हे आम्हा कर्मचाऱ्यांनाही माहीत नसे. फोनची खरी काळजी वेगळी आहे. चोर आधी मागे उभा राहून तुमचा पासकोड पाहतो आणि मग फोन हिसकावतो. कोड हाती आल्यावर त्याला पासवर्ड बदलता येतात. आयफोनमध्ये जानेवारी 2024 पासून, म्हणजे आयओएस 17.3 पासून, 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' ही सोय आहे. ती चालू असेल तर ओळखीच्या ठिकाणापासून दूर असताना महत्त्वाचे बदल नुसत्या कोडने होत नाहीत. अँड्रॉइड फोनमध्येही चोरीविरोधी सोयी आल्या आहेत, त्या सेटिंगमध्ये पाहून घ्या. सिमला पिन लावा, नाहीतर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तुमचे ओटीपी वाचता येतात. *#06# दाबल्यावर येणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे तुमच्या फोनचा ओळख क्रमांक, कागदावर लिहून ठेवा. त्याच कागदावर बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक, दूतावासाचा क्रमांक आणि घरच्या दोन माणसांचे क्रमांक असू द्या, आणि तो कागद फोनपासून दूर, मोठ्या बॅगेत ठेवा.

थोडक्यात तुमच्या प्रश्नांची उत्तरे अशी: मनी बेल्ट घ्या पण तो लोकांत उघडू नका, रोख राखीव म्हणून न्या व रोजचे पैसे वेगळे ठेवा, आणि लॉकर स्वतःच्या चांगल्या कुलपाने वापरा, पण पासपोर्ट व दुसरे कार्ड यांची जागा त्या लॉकरच्या स्थितीवरून ठरवा.

एवढे करूनही काही गेलेच, तर पहिल्या तासातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी वस्तू शोधत बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करून कार्डे बंद करा, मग मोबाइल कंपनीकडून सिम बंद करून घ्या, मग फोन दूरून कुलूपबंद करा. त्यानंतर स्वागतकक्षात सांगा आणि कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची विनंती लेखी करा. बहुतेक यंत्रणांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, आणि कर्मचारी ते तुम्हाला दाखवू शकले नाहीत तरी पोलिसांना देऊ शकतात. त्याच दिवशी पोलिसांत जा. अनेक विमा कंपन्या चोवीस तासांच्या आतील तक्रार मागतात, आणि पासपोर्ट गेला असेल तर दूतावासही तात्पुरते प्रवासपत्र देण्याआधी सहसा तिची प्रत मागतो. गेलेल्या वस्तूंची यादी, त्यांचे क्रमांक आणि अंदाजे किंमत तक्रारीतच लिहून घ्या, कारण त्यात नसलेली वस्तू विमा कंपनी नंतर सहसा मान्य करत नाही. प्रत हातात आल्यावर तीवर तुमचे नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, नोंदणी क्रमांक आणि शिक्का आहे का, हे ठाण्यातून बाहेर पडण्याआधी तपासा. दुसऱ्या देशात गेल्यानंतर ती दुरुस्त करून मागवणे फार अवघड जाते.